चौदा नंबरचा जोड

उदय चांदोरकर आमच्या दृष्टिबाधितांच्या केंद्रात आले तेव्हा मी एका बाईंच्या हातावर हात ठेवून त्यांना माउस हळू सरकवायला शिकवत होते. दारातूनच त्यांनी विचारलं, "भिंग शिकवतात ते इथेच का?" आणि मी त्या बाईंचा हात इतका घट्ट दाबला की त्या कळवळल्या.

अकरा वर्षांत त्या आवाजात काडीचा फरक पडला नव्हता. प्रश्न विचारतानाही हुकूम सोडल्यासारखा.

मी त्यांना समोर बसवलं आणि अर्ज भरायला घेतला.

"वय?"

"अडुसष्ट."

"व्यवसाय?"

"वेल्डिंगच्या जोडांचे क्ष-किरण फोटो वाचतो. चाळीस वर्षं झाली. माझ्याइतके जोड महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी वाचले नसतील, मॅडम."

मॅडम! मी ओगले बाई म्हणून तिथे काम करत होते. लग्नाआधी मी केतकी रानडे होते, आणि सहा वर्षं याच माणसाच्या हाताखाली सातपूरच्या अभेद्य टेस्टिंग लॅबोरेटरीत फोटो वाचत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. चेहरा दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या नजरेचा मधला भाग आता गेला होता. माझा तर कधीच गेलेला. दोघेही एकमेकांच्या कानाकडे बघून बोलत होतो, कारण आमच्यासारख्यांना समोरचं दिसतं ते असं कडेनेच. आवाज ओळखतील अशी धास्ती मात्र वाटली. ती फुकट होती. सहा वर्षांत 'हो सर' आणि 'झालं सर' याखेरीज त्यांनी माझ्या तोंडून काही ऐकूनच घेतलं नव्हतं.

त्यांनी माझं काय केलं ते आधी सांगते.

बॉयलर सुरू करण्याआधी त्याच्या प्रत्येक जोडाचा क्ष-किरण फोटो काढतात. धातू भरीव असेल तिथे फोटो उजळ येतो, पोकळी असेल तिथे काळा. तडा म्हणजे एक बारीक काळी रेघ. ती शोधायची आणि मग सही करायची, एवढंच आमचं काम. एका कागद कारखान्याच्या बॉयलरचे बावीस जोड मी वाचले आणि बावीसही पास केले. आठ महिन्यांनी चौदा नंबरचा जोड फुटला. वाफेने दोन माणसं गेली.

चौकशी समितीपुढे चांदोरकरांनी चौदा नंबरची फिल्म ठेवली आणि एका पुसट रेघेवर पेन्सिल टेकवली. "हा तडा. डोळे शाबूत असलेल्या कुणालाही दिसेल," ते म्हणाले. मग जरा थांबून, जड मनाने सांगतोय असं दाखवत म्हणाले, "कुमारी रानडे यांना मॅक्युलाचा, डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे. त्यांनीच मला सांगितलं होतं. दया म्हणून ठेवून घेतलं, ही माझी चूक."

सांगितलं होतं, हे खरं. विश्वासाने, केबिनचं दार लावून. तेव्हा मला बसचे नंबर विस्कटलेले दिसायला लागले होते, एवढंच. फिल्म मी हातातल्या भिंगाने नीट वाचत होते. समितीला मी म्हटलं की यावर तडा नाही. त्यांनी ती फिल्म भिंतीवरच्या पडद्यावर लावली आणि विचारलं, "ती रेघ तुम्हाला इथून दिसते का?" मी म्हटलं, इथून स्पष्ट दिसत नाही. खोलीतल्या कुणालाच त्यापुढे काही ऐकायचं उरलं नाही.

माझा परवाना गेला. त्या दोघांपैकी एकाची बायको माझ्या दारात आली होती. ती भांडली नाही. "दिसत नव्हतं तर सांगायचं होतंत ना, ताई," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

आता हा माणूस माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि त्याचं दिसणं माझ्या हातात होतं.

"शिकायला किती दिवस लागतील?"

"सहा आठवडे," मी म्हटलं. "आठवड्यातून तीनदा."

पहिल्या तासाला मी सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं. जुनी भिंगं डेस्कटॉपवरचं चित्र नुसतं ताणायची. एक ठिपका असेल तिथे मोठा चौकोन दिसायचा. पटी वाढवत गेलं की सगळ्याच्या पायऱ्या व्हायच्या आणि आपण पानावर कुठे आहोत तेच कळायचं नाही. आताचं भिंग तीन कामं करतं. पडद्याखालचा छोटा कॅमेरा आपल्या बुबुळांवर लक्ष ठेवतो आणि नजरेतला मेलेला भाग नेमका कुठे आहे ते ओळखतो. मग भिंग चित्र त्या भागातून उचलून जिथे दिसतं तिथे सरकवतं. तिसरं काम सगळ्यात अवघड. दोन ठिपक्यांच्या मध्ये काय असेल याचा अंदाज करून ते भिंग भरून काढतं. त्यामुळे तीसपट मोठं केलं तरी कडा स्वच्छ राहतात.

"अंदाज कशावरून करतं?" चांदोरकरांनी लगेच विचारलं. अक्कल शाबूत होती.

"लाखो चित्रं पाहिलेली असतात त्याने. आणि हळूहळू ते तुमच्यावरूनही शिकतं. तुमची नजर कुठे अडखळते, कुठे पुढे जाते. पहिले सहा आठवडे शिकवणारा बाजूला बसतो आणि तुमच्या अडखळण्याचा अर्थ त्याला सांगतो. इथे कड हवी आहे, इथे डाग पुसायचा आहे, असं. नंतर ते एकटं चालतं. अंदाज नको असेल तेव्हा बंदही करता येतो. त्याला आम्ही कोरं भिंग म्हणतो. पण कोऱ्या भिंगाने वाचणं फार कष्टाचं."

"म्हणजे सहा आठवडे तुम्ही माझे डोळे."

"असं समजा," मी म्हटलं.

याच भिंगामुळे मला खरी गोष्ट कळली होती, तीन वर्षांपूर्वी. जुन्या चौकशांची कागदपत्रं सुरक्षा नोंदणी मंडळाने सर्वांसाठी खुली केली तेव्हा मी त्या बावीस फिल्म माझ्या डेस्कटॉपवर उतरवल्या आणि महिनाभर बघत बसले. नऊ नंबर आणि चौदा नंबर एकाच जोडाचे फोटो होते. तीच तीन छिद्रं त्याच अंतरावर, वेल्डरच्या हाताने धातूवर उमटलेल्या त्याच लाटा, फक्त नळी दोन बोटं फिरवलेली. चौदा नंबरचा जोड बॉयलरच्या मागच्या कोपऱ्यात होता, तिथे यंत्र नेणं जिकिरीचं. कुणीतरी नऊ नंबरच्याच जोडावर, फोटोत उमटतो तो शिशाचा चौदाचा आकडा ठेवून, त्याचा दुसऱ्यांदा फोटो काढला होता. खऱ्या चौदाचा फोटो कधी निघालाच नव्हता. आणि त्या दिवशी यंत्रावर कोण होतं? नोंदवहीत सही होती, उ. वि. चांदोरकर. समितीला दाखवलेला तो तडा म्हणजे फिल्मवर पडलेला ओरखडा होता.

मी मंडळाला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की अंदाज भरणाऱ्या भिंगातून पाहिलेलं पुरावा धरता येत नाही. शिवाय अर्जदार दृष्टिबाधित असून प्रकरणात हितसंबंधी आहेत. सोप्या भाषेत, तू आंधळी आहेस आणि तुला सूड हवा आहे. दोन्ही खरंच होतं.

चांदोरकर शिकायला लागले आणि मी माझा सूड सुरू केला.

शिकवणाऱ्याच्या हाताशी दोन बटणं असतात. शिकणाऱ्याची नजर अडखळली की आपण एक दाबतो: कड ठळक कर, किंवा डाग पुसून टाक. चांदोरकरांची नजर बारीक काळ्या रेघेवर अडखळायची. चाळीस वर्षांची सवय ती. दर वेळी मी पुसण्याचं बटण दाबत गेले. दहा दिवसांत भिंग शिकलं की हा माणूस जिथे थांबतो तिथली रेघ याला नको असते. मग ते स्वतःच रेघा बुजवायला लागलं.

परीक्षा म्हणून मी एक सरावाची फिल्म लावली. तिच्यावर वाळक्या काडीसारखा तडा होता, नवशिक्यालाही दिसेल असा. चांदोरकरांनी टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवली.

"स्वच्छ," ते म्हणाले. "काय सुरेख जोड आहे! पास."

मी उठून पाणी प्यायला गेले. ग्लास तोंडाला लावल्यावर कळलं की मी हसतेय. त्यांनी दिवसचे दिवस असंच वाचत राहावं, मग एक दिवस कुणीतरी चारचौघांत त्यांच्या समोर फिल्म ठेवावी आणि म्हणावं, डोळे शाबूत असलेल्या कुणालाही हे दिसेल. हे चित्र मी मनात इतक्यांदा रंगवलं की ते मला पाठ झालं.

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. उन्मेष शाळेत गणित शिकवतो. फार बोलत नाही. त्याने घास ताटात परत ठेवला.

"ते वाचतात ते बॉयलर खरेच असतात ना?" त्याने विचारलं.

"अजून प्रमाणपत्र कुठे आहे त्यांच्याकडे? प्रमाणपत्राशिवाय भिंग लावून सही करता येत नाही. माझ्याकडेच सराव करतात फक्त. त्याआधी मी सगळं पुसून टाकीन."

"बरं," तो म्हणाला. पण ताट अर्धंच टाकून उठला.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, चांदोरकर खुशीत आले. "मॅडम, तुमचं सेटिंग मी ऑफिसातल्या डेस्कटॉपवर उतरवून घेतलं. माझ्या खात्यावर होतंच. काय फरक पडला म्हणून सांगू! दोन दिवसांत अकरा जोड वाचले. एकही तडा नाही."

मी बटणांवरून हात काढला. "पण तुम्हाला सही करता येत नाही ना अजून?"

"सही माझ्या हाताखालची मुलगी करते. नवीनच आहे. मी वाचतो, ती लिहिते."

"कसले जोड होते?"

"एका प्रसूतिगृहाच्या धुलाईघराचा बॉयलर. सोमवारी सुरू होतोय."

तो अर्धा तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की शेजारी बसलेल्या त्या माणसाबद्दल मला काहीच वाटत नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त एक अनोळखी मुलगी होती, जिने दुसऱ्याच्या सांगण्यावरून अकरा सह्या केल्या होत्या. आणि धुलाईघरात वाफेपाशी उभ्या राहणाऱ्या बायका. चांदोरकरांनी समितीला जी रानडे रंगवून सांगितली होती, तीच मी आज खरोखर झाले होते. तडा असताना पास म्हणणारी.

ते जाताच मी केंद्राच्या प्रमुख डॉ. पटवेकर यांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की चांदोरकरांच्या भिंगाला चुकीची सवय लागली आहे, ते तडे बुजवतं, आणि त्यांनी वाचलेले अकरा जोड आजच्या आज दुसरीकडून तपासून घ्यायला हवेत. बाईंनी एक शब्द न विचारता आधी फोन उचलला. प्रसूतिगृहाला, मग लॅबला, मग दुसऱ्या एका लॅबला. शनिवारी दुपारी निकाल आला. अकरापैकी सातव्या जोडात बोटाच्या पेराएवढा तडा होता. बॉयलर थांबवला गेला.

मग त्यांनी मला बोलावलं. "ही सवय लागली कशी?"

"माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं."

"किती वेळा?"

मी टेबलावरचा निकालाचा कागद सरळ केला.

"ओगले, भिंग एका चुकीने शिकत नाही. मी तुम्हाला कारण विचारत नाही, कारण तुम्ही ते सांगणार नाही असं दिसतंय. पण वेल्डिंगचं कळणारं तुमच्याखेरीज माझ्याकडे कुणी नाही. म्हणून तुम्हीच शिकवाल, रोज मी दार उघडं ठेवायला सांगेन, आणि यापुढे तपासनिसांची चाचणी कोऱ्या भिंगाने होईल. अंदाज पूर्ण बंद. चाचणीला मी स्वतः बसेन."

मी मान हलवली. बाहेर आले, जिन्यावर बसले, आणि तिथे मला कळलं की त्यांनी रागाच्या भरात माझ्या हातात काय दिलं होतं.

नियम असा होता की प्रमाणपत्राच्या चाचणीत वीस फिल्म वाचायच्या. पडद्यावरचं चित्र, नजर आणि आवाज तिन्ही रेकॉर्ड होऊन थेट मंडळाकडे जातात, मध्ये कुणी हात लावू शकत नाही. फिल्म मंडळाच्या खुल्या साठ्यातून शिकवणाऱ्याने निवडायच्या, नंबर झाकून. आणि त्यात फिल्मची एक जोडी एकाच जोडाची असायलाच हवी, वाचणारा सुसंगत वाचतो का ते बघायला.

एक जोडी मला माहीत होती.

माझ्या डोळ्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. मग महाराष्ट्रातल्या सगळ्यात चांगल्या डोळ्यांनी सांगू दे!

पुढचे तीन आठवडे मी आयुष्यात कधी शिकवलं नसेल तसं शिकवलं. आधीची सगळी सवय पुसून टाकली. कोऱ्या भिंगात चित्र म्हणजे राखाडी चौकोनांची फरसबंदी असते. एकेका चौकोनाचा उजळपणा मनात ठेवून पुढे जायचं, माउस केसभर सरकवायचा, कड हरवली तर परत पहिल्यापासून. तरुण माणसं तासाभरात रडकुंडीला येतात. चांदोरकर आले नाहीत. चौकोनांच्या त्या गर्दीत ते छिद्र कुठे, लाट कुठे, हे असं सांगायचे की मला जुने दिवस आठवायचे. मीही हे काम याच माणसाकडून शिकले होते. त्याबद्दल मला कौतुक वाटलं, आणि वाटल्याचा रागही आला.

एकदा चहा पिताना मी विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये आणखी कुणाला डोळ्यांचा त्रास होता का?"

"होती एक मुलगी. फार वर्षं झाली. दिसत नव्हतं तरी वाचायची. दोन माणसं गेली तिच्यापायी."

"मग तिचं काय झालं?"

"काय कल्पना. घरी बसली असेल." त्यांनी फुंकर मारून चहा प्यायला. "नावही आठवत नाही आता."

माझ्या मनात जी काही उरलीसुरली कालवाकालव होती ती तिथे संपली.

चाचणी मंगळवारी सकाळी अकराला होती. डॉ. पटवेकर मागच्या खुर्चीत बसल्या. मी मशीन सुरू केलं, अंदाज बंद असल्याचा शिक्का पडद्यावर आला, आणि चांदोरकरांनी वाचायला सुरुवात केली. पहिले दहा जोड सरळ गेले. एकात तडा, एकात धातूत अडकलेला गाळ, बाकी पास. अकरावा लावला. ही नऊ नंबरची फिल्म होती.

"तीन छिद्रं, मर्यादेत. वेल्डरचा हात स्थिर. पास."

मग मुद्दाम चार दुसऱ्या लावल्या. मग सोळावी लावली.

त्यांनी डावीकडून सुरुवात केली. पाच मिनिटं खोलीत माउसच्या घसटण्याखेरीज आवाज नव्हता. मग ते हसले.

"मॅडम, हा अकराव्या नंबरचाच जोड आहे. नळी जराशी फिरवलीय. तीच तीन छिद्रं, पहिल्यातलं आणि दुसऱ्यातलं अंतर तेच, आणि ही लाट बघा, वेल्डरचा हात इथे दचकलाय. दोन जोड इतके सारखे असूच शकत नाहीत. माणसाच्या अंगठ्यासारखं असतं ते."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के. लिहून घ्या."

"आणि मध्ये एक रेघ आहे. अकराव्यात नव्हती. तो तडा का?"

त्यांनी भिंग तिथे नेलं. बराच वेळ रेघेवरून मागेपुढे फिरले.

"छे! ओरखडा आहे. तडा असता तर धातूच्या कडेला थांबला असता. ही रेघ जोड ओलांडून मोकळ्या जागेत जाते. हवेला कधी तडा जातो का? फिल्म हाताळताना कुणाचं तरी नख लागलंय. याला तडा म्हणणारा माणूस या धंद्यात नसावा."

"धन्यवाद, सर," मी म्हटलं.

'सर' हा शब्द अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला होता. त्यांची मान किंचित वळली.

उरलेल्या चार फिल्म त्यांनी वाचल्या. नियमाप्रमाणे शेवटी झाकलेले नंबर उघडायचे असतात. मी एकेक उघडत गेले आणि त्यांनी ते भिंगातून वाचून दाखवले. अकराव्याखालचा आकडा त्यांनी वाचला: नऊ. कारखान्याचं सांकेतिक नाव वाचलं. सोळाव्याखाली आधी एक आला, मग चार. मग तेच नाव. त्यांचा आवाज शेवटच्या अक्षरावर बसला.

त्यांनी माउस सोडला. मग माझ्या कानाकडे वळले.

"रानडे?"

"हो सर."

"ते रेकॉर्डिंग बंद कर."

"ते माझ्या हातात नाही. तुम्ही वाचत होतात तसतसं मंडळाकडे पोहोचलंय."

"तुला जे हवं होतं ते तू मला सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी काहीतरी केलं असतं."

"समितीपुढे मी सांगितलंच होतं, सर. तडा नाही म्हणून. तुम्ही पेन्सिल टेकवून उभे होतात."

ते उठायला गेले आणि खुर्चीत अडखळले. डॉ. पटवेकरांनी त्यांना हात दिला. मी दिला नाही.

पुढे सगळं सावकाश आणि कागदावर घडलं. चांदोरकरांच्या वकिलाने माझ्या सूडबुद्धीवर पानंच्या पानं लिहिली. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं, पण उपयोगाचंही नव्हतं, कारण अंदाज बंद होता, वाचणारे स्वतः चांदोरकर होते आणि त्यांनीच शंभर टक्के लिहून घ्या म्हटलं होतं. मंडळाने आपली माणसं लावून दोन्ही फिल्म ठिपक्याला ठिपका लावून मोजल्या. जुनी चौकशी पुन्हा उघडली. माझ्या नावावरचा ठपका काढल्याचं चार ओळींचं पत्र आलं. उन्मेषने ते मला दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा मी स्वतः वाचलं.

डॉ. पटवेकरांना मी सगळं सांगितलं. आधीच्या बटणांसकट. त्यांनी मला सहा महिने घरी बसवलं. "प्रसूतिगृहाच्या गोष्टीसाठी," त्या म्हणाल्या. "बाकीच्यासाठी मी तुम्हाला काही म्हणणार नाही." मी भांडले नाही. अभेद्यमधल्या त्या मुलीचं नाव मी शोधून काढलं आणि तिला सगळं लिहून कळवलं. तिने ती नोकरी सोडली आणि दुसरीकडे फोटो वाचायला लागली, स्वतःच्या डोळ्यांनी.

मी परत कामावर आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात चांदोरकर आले. एकटे, रिक्षाने. हातात जाड लिफाफा होता. ते वाळले होते. केंद्रातला दुसरा शिक्षक त्यांना घ्यायला पुढे झाला तर म्हणाले, "रानडेंनाच बोलवा."

"काय आहे?" मी विचारलं.

"आरोपपत्र. वकील वाचून दाखवतो, पण मधलं मधलं गाळतो असं मला वाटतं. मला स्वतः वाचायचंय. परवाना गेला, मग भिंगाला हात लावला नाही. विसरलोय."

मी कागद स्कॅन करून डेस्कटॉपवर घेतला. त्यांना खुर्चीत बसवलं, कॅमेऱ्यात त्यांचे डोळे नीट येतील असा पडदा वाकवला. उन्मेष मला अजून विचारतो, की त्या वेळी समाधान वाटलं का. वाटलं. ते कमी झालेलं नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही.

"किती पट ठेवू?" मी विचारलं.

"पूर्वी बारा ठेवत होतो."

मी तीस केलं. तीसपट मोठं केलं की पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावतो, कडेपासून कडेपर्यंत.

"हळू सरकवा," मी म्हटलं, "आणि मोठ्याने वाचा. म्हणजे चुकलं तर मला सांगता येईल."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. कलमं गेली, तारीख गेली, कारखान्याचा पत्ता गेला. एकेक शब्द आत यायचा, पडदा भरून उभा राहायचा आणि निघून जायचा.

"मयत," त्यांनी वाचलं. "भास्कर. रामचंद्र. जगदाळे." मग थांबले. "वय." आणि मग, बऱ्याच वेळाने, "एकतीस."

त्यांचा हात माउसवर तसाच पडून राहिला. पडद्यावर तो एकच शब्द होता, त्यांच्या डोक्यापेक्षा मोठा.

"जरा लहान करता का?" त्यांनी विचारलं. "निदान एक ओळ तरी एकदम दिसू दे."

"नाही," मी म्हटलं. "पुढे वाचा."

त्यांनी माउस केसभर सरकवला. पडद्याच्या कडेने दुसऱ्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर आत यायला लागलं.